हत्तीखान्यातले एकेचाळीस दिवस

बस स्टँडसमोर ऑटो अडकला. केळ्यांची एक हातगाडी आणि एक मोटारसायकल एकमेकींत गुंतल्या होत्या, दोघींचेही मालक हटायला तयार नव्हते, आणि मागे सगळं वाशीम हॉर्न वाजवत उभं होतं. तेवढ्यात मंगरूळपीरची बस रस्त्यातच थांबली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. तोंड बसकडे, पाठ रस्त्याकडे, शिडीवरून उतरावं तशी. अंगावर आरशांची जुनी ओढणी, हातात कापडी पिशवी, आणि दंडाला धरून उतरवणारी एक तरुण बाई. पाय जमिनीला टेकल्यावर म्हातारीने मान वळवून चौकाकडे पाहिलं, आणि ऑटोत बसलेल्या तुळसाबाईंनी तिला ओळखलं. ती नानी होती. बंजारा तांड्यावरच्या हरिसिंगची पोरगी नानी. चेहरा सुकून एवढासा झाला होता, पण उलटं उतरायची खोड तीच. चोपन्न वर्षांपूर्वी आगगाडीच्या डब्यातूनही ती अशीच उतरली होती आणि तुळसा तिला फिदीफिदी हसली होती.

"काय झालं आजी?" शेजारी बसलेल्या सायलीने विचारलं. "चेहरा काहून उतरला?"

"काही नाई. ह्या जरीच्या लुगड्यात जीव घुसमटून राह्यला," तुळसाबाई म्हणाल्या आणि ऑटोवाल्यावर खेकसल्या, "तुले काय मुहूर्त पायजे का रे? काढ ना बाजूनं." ऑटोवाल्याने बाजूने काढला. तुळसाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर नानीनेही पाहिलं असतं, असं त्यांना वाटलं, आणि मग त्यांना नानीचा राग आला. काही कारण नव्हतं. रस्ता सरकारचा, बस सरकारची, कोणीही कुठेही उतरावं. पण आजच्याच दिवशी, साडेदहाच्याच बसने उतरायचं काय अडलं होतं? एवढी वर्षं ऊस तोडायला जाताना कधी वाशीम दिसलं नाही तिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तुळसाबाईंच्या मनात आज भर दिवसा लख्ख पडलं होतं. नानी कुठे निघाली आहे हे त्यांना विचारायची गरज नव्हती. चार दिवसांपूर्वी पेपरात फोटो छापून आला होता. तांड्यात पेपर पोचत नसेल, पण मोबाईल तर पोचतो.

बातमी अशी होती की एकाहत्तरच्या लढाईत जखमी जवानांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवक परिचारिकांना रायखेड संस्थानच्या राजघराण्याकडून रौप्यपदक. म्हणजे वरातीमागून घोडं, आणि तेही अर्ध्या शतकानंतर. तेव्हाच्या राणीसाहेबांनी आपल्या राजवाड्यात जवानांसाठी दवाखाना उघडला होता. लढाई संपल्यावर त्यांनी हौसेने चांदीची पदकं पाडून घेतली, प्रत्येकीच्या नावानिशी. पण त्याच हिवाळ्यात सरकारने राजेलोकांचे किताब काढून घेतले. राणीसाहेब रुसल्या. मी राणीच नाही तर पदक कोणत्या तोंडाने देऊ, म्हणाल्या, आणि पदकं पेटीत गेली. मग राणीसाहेब वारल्या, वारसांची भांडणं लागली, पेटीला कोर्टाचं सील लागलं, आणि आता कुठे ते निघालं. ज्यांच्यासाठी पदकं पाडली त्यातल्या बहुतेक जणी तोवर मातीत गेल्या होत्या. वऱ्हाडातून गेलेल्या सहाजणींपैकी एकटी जिवंत होती, वाशीमच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली उगले सिस्टर, म्हणजे तुळसाबाई. गावातले जगदेव सर, रिटायर झाल्यापासून ज्यांना कोणाचा तरी सत्कार केल्याशिवाय जेवण जात नाही, त्यांनी त्यांना हुडकून काढलं होतं. पदकाचा फोटो त्यांनी मोबाईलवर पाठवला. एका बाजूला सूर्य आणि घोडा. दुसऱ्या बाजूला तुळसाबाईंचं माहेरचं नाव, आणि खाली कोरलेलं: हत्तीखाना वॉर्ड, ४१ दिवस. सायलीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा तुळसाबाई भाजी निवडत होत्या. त्या नुसत्या हूं म्हणाल्या आणि चांगली मेथी कचऱ्यात टाकून काड्या पातेल्यात भरल्या.

मंगल कार्यालयाच्या दारात दोन पोरी गुलाबपाणी शिंपडत होत्या. तुळसाबाईंनी चेहरा बाजूला केला तरी ते डोळ्यात गेलंच. जगदेव सर पुढे आले, वाकून नमस्कार केला, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं, पाणी आणवलं. "सिस्टर, युवराज सर्किट हाऊसवरून निघून राह्यले. दोन शब्द तुमी बोला बरं का. हत्तीखान्याचंच बोला. लोकायले तेच ऐकाचं हाय." तुळसाबाईंनी मान हलवली. युवराज म्हणे. साठीला आलेला माणूस, शुगरच्या गोळ्या खात असेल, आणि हे त्याला अजून युवराज म्हणतात. त्यांना जगदेव सरांच्या कपाळावरचा लांबट गंध सहन होईना, सोफ्याचं मखमली कापड सहन होईना, आणि समोर मोबाईल धरून उभी असलेली, डोळ्यात कौतुक मावत नसलेली आपली सख्खी नातही सहन होईना. सायली अकोल्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचे आईबाप तिला कॉम्प्युटरला घालणार होते. ती हटून बसली. का, तर आजीने लहानपणी मांडीवर घेऊन सांगितलेल्या गोष्टी. हत्तीखान्यातल्या. त्या गोष्टींत तुळसाबाई मी म्हणत. मी त्याची जखम धुतली, मी त्याला पाणी पाजलं. पहिल्यांदा तो मी म्हणताना जीभ जरा अडली होती. पुढे सवयीने गुळगुळीत झाली. खोटं वर्षानुवर्षं सांगत राहिलं की ते आपल्याच अंगणात वाढल्यासारखं होतं, त्याला पाणीही घालावं लागत नाही.

आणि खरं काय होतं, तर खरं तेवढं मोठंही नव्हतं. तुळसाबाई स्वतःला हे नेहमी बजावत आल्या होत्या. शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग निघाला होता. बाईंनी विचारलं, लढाईच्या दवाखान्यात कोण जाईल, आणि पुढच्या बाकावरच्या तुळसाने हात वर केला. कारण बाई तिच्याकडेच बघत होत्या. घरी बाप, चंपत माळी, आधी चिडला आणि मग पेपरात नाव येणार म्हटल्यावर विरघळला. पण एकटी पोर पाठवायची कशी? त्याच्या वांग्या-टमाट्याच्या मळ्यात तांड्यावरचा हरिसिंग कामाला होता, त्याची पोरगी नानी तुळसाच्याच वयाची. "नानीले ने सोबतीले," चंपत म्हणाला. "सैपाकपाणी पायल तुयं." अशी नानी गेली. यादीत तिचं नाव नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं. रायखेडच्या वाड्यात समोरच्या महालात बरे होत आलेले जवान ठेवले होते, ते पत्ते खेळत आणि पोरींना बहन बहन करत. मागे हत्ती बांधायचं जुनं दगडी दालन होतं, भिंतीत अजून साखळदंडाच्या कड्या. तिथे सडलेल्या जखमांचे ठेवलेले. मेट्रनबाईंनी पाळ्या लावल्या आणि तुळसाची पाळी हत्तीखान्यात निघाली. पहिल्या सकाळी ती उंबरठ्यापर्यंत गेली. आतून वास आला. पिकून फुटलेल्या फणसासारखा, गोड. त्या गोडपणानेच ती भिंतीशी ओकली, खाली बसली, आणि बापाच्या नावाने रडायला लागली. नानी डबा घेऊन आली होती. तिने डबा खाली ठेवला, आपल्या ओढणीने तुळसाचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू सही कर. आत मी जाते." मेट्रनबाईंची एक हजेरीची जाड वही होती, महालाच्या दारात टेबलावर. येताना सही, जाताना सही. तुळसा सही करायची आणि मागच्या सैपाकखोलीत जाऊन पडायची. नानी तुळसाचा पांढरा झगा घालून हत्तीखान्यात जायची. हत्तीखान्यात मेट्रनबाई फिरकत नसत, डॉक्टर तोंडाला फडकं बांधून यायचा आणि फक्त जखमा बघायचा, तोंडं बघायचा नाही. तिथे सगळे नानीला तुळसा म्हणत. एकेचाळीस दिवस नानी तुळसा होती आणि तुळसा कोणीच नव्हती, भाकरी थापणारी एक पोरगी होती. भाकऱ्याही तिला धड जमत नव्हत्या. नानी दुपारी आली की हात कोपरापर्यंत राखेने घासायची, मग कोळशाने, मग परत राखेने, आणि करपलेली भाकरी मुकाट्याने खायची. ती आत काय घडलं ते कधी बोलायची नाही. तुळसानेही कधी विचारलं नाही. परतायच्या आदल्या दिवशी तुळसा म्हणाली होती, मी मेट्रनबाईले सांगते सगळं, तुयंही नाव लावाले लावते. खरंच सांगणार होती. पण मेट्रनबाईंनी तिला बोलावून सगळ्यांसमोर पाठ थोपटली, वहीतल्या सह्या मोजल्या आणि सर्टिफिकेट हातात दिलं. नानी दाराशी दोन्ही ट्रंका घेऊन उभी होती. तुळसाने सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं. बस, एवढंच. कोणाचा खून केला नव्हता.

त्या कागदावर पुढे नर्सिंगला प्रवेश मिळाला, त्यावर नोकरी, त्यावर नवरा, त्यावर हे वाशीमचं घर. तुळसाबाईंना पुढे वासाची सवय झाली. पस्तीस वर्षांत त्यांनी काय काय धुतलं पुसलं नाही? त्या काही आयत्या बिळावरच्या नागोबा नव्हत्या. वॉर्डात त्यांचा दरारा होता. मग त्या सगळ्यावर पहिल्या एकेचाळीस दिवसांचीच सावली का पडावी? पडली नसतीही. पण तीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी नानी आपल्या सुनेला घेऊन वॉर्डात आली. सुनेची पोटरी कोयत्याने उघडली होती. तुळसाबाईंनी ओळखलं आणि ओळख दिली नाही. "इथं अंगठा लाव," त्या म्हणाल्या, आणि नानीने लावला. मग दोन शिकाऊ पोरी बघत असताना त्यांनी पट्टी बांधायला घेतली. घाई झाली होती, आणि त्यांनी वरून सुरुवात केली. नानी शांतपणे म्हणाली, "बाई, पट्टी खालून वर बांदा लागते. नाहीतर रगत खालीच तुंबते." शिकाऊ पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. ते बरोबर होतं. ते पहिल्या वर्षाला शिकवतात. तुळसाबाईंनी सुनेला हाताला धरून उठवलं आणि सगळ्या वॉर्डासमोर ओरडल्या, "एवढं समजते तर घरीच बांद ना. सरकारी दवाखाना काय तुह्या तांड्याचा हाय?" नानीने खाली बसून अर्धवट पट्टी स्वतः सोडली, खालून वर नीट गुंडाळली, गाठ मारली आणि सुनेला घेऊन गेली. त्या दिवसापासून तुळसाबाईंना नानीचा द्वेष वाटू लागला. आधी लाज होती, भीती होती. द्वेष त्या गाठीपासून. ज्याचं खाल्लं त्याचंच तोंड बघू नये असं वाटायला लागतं, आणि माणसाला वाटतं तो आपला स्वाभिमान आहे. मध्ये कधीतरी हरियाणाकडच्या एका जवानाची पत्रं येत. तुळसा सिस्टर, आपके हाथों ने मुझे दूसरा जनम दिया. मुलीचं नाव त्याने तुलसी ठेवलं होतं. तीन पत्रं आली, तिन्ही त्यांनी बंबात घातली. तेव्हाही राग नानीचाच आला होता. एवढं जीव ओतून करायला तिला सांगितलं कोणी होतं?

युवराज आले. सगळे उभे राहिले. युवराज ठेंगणे, गोरे, दमलेले. त्यांनी हार गळ्यात पडू न देता हातानेच घेतला आणि खुर्चीत बसल्यावर हळूच बुटातून टाच बाहेर काढली. तुळसाबाईंना व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसवलं. वरून सगळा हॉल दिसत होता, आणि शेवटच्या रांगेत, कूलरपाशी, आरसे चमकले. नानी आली होती. शेजारी ती दंड धरणारी तरुण बाई, नातच असावी. नानी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली होती, बाजारात बसावं तशी, आणि सरळ व्यासपीठाकडे बघत होती. कोणीतरी दिवा लावला, कोणीतरी प्रास्ताविक केलं, सिस्टर म्हणजे आईच, या वाक्याला टाळ्या पडल्या. तुळसाबाईंच्या कानाशी नुसती गुणगुण होती. त्या नानीच्या तोंडाकडे बघत होत्या. ते उघडेल कधी? पदक गळ्यात पडताना? की भाषण सुरू झाल्यावर? उठेल आणि म्हणेल, ही खोटी आहे. मग सायलीचा मोबाईल धरलेला हात खाली येईल. तो हात खाली येताना तुळसाबाईंना आत्ताच दिसू लागला. बाकी जग गेलं खड्ड्यात. जगदेव सर, युवराज, पेपरवाले, यांच्या डोळ्यात त्या पडल्या काय आणि उठल्या काय. पण ती पोरगी उद्या अकोल्याला जाऊन कोणाच्या तरी जखमेत हात घालणार होती, आजीच्या भरवशावर. इतक्यात जगदेव सर शेवटच्या रांगेकडे गेले, नानीपुढे वाकले, काहीतरी विचारू लागले. नानी बोलली. जगदेव सरांनी मान हलवली आणि व्यासपीठाकडे पाहिलं. नानीनेही पाहिलं.

तेव्हा तुळसाबाईंनी ठरवलं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं त्यात. तो नंतर कोणी चिकटवायचा असेल तर चिकटवावा. त्यांना एवढंच कळलं की नानीने सांगितलं तर ती चोरी, आणि आपण सांगितलं तर कबुली. पोरीला धक्का बसायचाच आहे तर तो आपल्या तोंडून बसू दे. आणि नानीच्या हातातलं हत्यार तिच्या डोळ्यांदेखत काढून घेता येईल, हाही एक आनंद त्यात होताच. आनंदच तो, दुसरं नाव द्यायचं कशाला? युवराज उठले, शाल पांघरली, पदक गळ्यात घातलं. गार लागलं. फोटोवाले थांबा थांबा म्हणाले. मग जगदेव सरांनी माईक पुढे केला.

"हे पदक माझं नाही," तुळसाबाई म्हणाल्या. आवाज वॉर्डातला लागला, करडा. "हत्तीखान्यात मी एक दिवसही गेले नाही. उंबऱ्यावर ओकून परत आले. एकेचाळीस दिवस माझ्या नावाने दुसरी गेली. सही माझी, काम तिचं. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिचं नाव कुठे नाही. ती तिकडे मागं बसली आहे, कूलरपाशी. नानीबाई. तिला विचारा."

सगळ्या माना मागे वळल्या. तुळसाबाईंनी सायलीकडे बघायचं टाळलं आणि नानीकडे बघितलं, आणि क्षणभर त्यांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. घट्ट चोळी काढून टाकल्यावर वाटतं तसं. आता काय करशील? सांगून टाकलं मी. जगदेव सर गोंधळले, पण कार्यक्रम चालवायची सवय. ते दुसरा माईक घेऊन मागे धावले आणि नानीच्या तोंडापुढे धरला. नानीने पाय खाली सोडले, उभी राहिली, ओढणी नीट केली. माईककडे तिने पाहिलंच नाही, ती तुळसाबाईंकडे बघत बोलली.

"म्या कायले जाईन दवाखान्यात? मले काय समजते त्यातलं? माह्या बापानं मले सैपाकाले धाडलं होतं इच्यासंगं. म्या भाकरी केल्या. वार्डात हेच जाये. रोज जाये. लय केलं इनं त्या जवानायचं." मग ती सावकाश म्हणाली, "पह्यल्यापासूनच अशी हाय हे. आपलं केलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकते."

टाळ्या पडल्या. आधी पहिल्या रांगेतून, मग सगळीकडून, मग लोक उभे राहिले. युवराज, ज्यांनी आतापर्यंत दोनदा घड्याळ बघितलं होतं, त्यांनी टाच बुटात घातली, उभे राहिले आणि हात जोडले. जगदेव सरांनी माईक परत आपल्याकडे घेतला. "मित्रहो, याले म्हणतात निगर्वीपणा," ते म्हणाले. "सख्या सोबतिणीले श्रेय देऊन टाकाले निघाल्या होत्या सिस्टर. पण सोबतीण बी तितकीच सच्ची." तुळसाबाई माईकमध्ये म्हणाल्या, "ती खोटं बोलते आहे." लोक हसले, प्रेमाने. त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, खरंच खोटं बोलते आहे ती," तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या आणि कोणीतरी त्यांच्या खांद्यावर दुसरी शाल घातली. खाली सायली रडत होती, एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हातातला मोबाईल जराही हलू न देता.

जेवणाची टेबलं मागच्या पेंडॉलमध्ये होती. तुळसाबाई लोकांच्या नमस्कारांतून वाट काढत तिथे पोचल्या तेव्हा नानी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वरणात बट्टी कुस्करत होती. नात पाणी आणायला गेली होती. तुळसाबाई समोर उभ्या राहिल्या. गळ्यात पदक, अंगावर दोन शाली, कपाळावर घाम. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण तोंडातून वऱ्हाडीच निघाली, मळ्यातली.

"खोटं काहून बोलली?"

नानीने घास घेतला. चावला. "बस ना. उभी काहून हाय?"

"तुयी गोष्ट होती ते, नाने. म्या तुले देऊन राह्यली होती. समद्या गावासमोर. काहून नाई घेतली?"

"तू कुठी देऊन राह्यली होती?" नानी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दोघी बांधावर बसून बोलत असल्यासारखा. "मले पाहून तुले भेव सुटलं. मी नसती आली तं तू बोलली असती का? नसती बोलली. गुमान घातलं असतं गळ्यात."

"मंग आली कायले तू? त्याच्यासाठीच आली ना? मले उघडं पाडालेच ना?"

"पाहाले आली. तू घेतं का नाई ते पाहाले. माह्या नातीनं, रंजीतानं, मोबाईलात फोटो दाखवला. म्हटलं जाऊन तं पाहू." तिने बोटं चाटली आणि पहिल्यांदा मान वर करून तुळसाबाईंकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती. वॉर्डातल्या म्हाताऱ्या सिस्टरी रोग्याकडे बघतात तसं ती बघत होती, किती दिवस निघतील याचा अंदाज घेत. "माह्या सुनेचा पाय तुह्या वार्डातून तसाच नेला होता मी. पंधरा दिवस घरी धुतला. तवा मी तिलेही सांगतलं नाई तू कोण व्हय ते. आता तुले मोकळं व्हाचं हाय. तुयं वय झालं, मरण दिसते, मंग माणसाले मोकळं व्हावं वाटते. समजते मले. पण मी काहून मोकळं करू तुले?"

तुळसाबाईंना शिव्या सुचल्या, त्याही जुन्या, तांड्याच्या नावाने द्यायच्या, आणि त्या ओठापर्यंत येऊन थांबल्या. कारण तेवढ्यात सायली धावत आली. तिने कोणी काही म्हणायच्या आत वाकून नानीच्या पायांना हात लावला, आणि तिथेच खाली, उष्ट्या द्रोणांच्या बाजूला, उकिडवी बसली. "आजी, तुमी होत्या ना तवा? माही आजी अर्दंच सांगते नेहमी. विचारलं का विषय बदलते. तुमी सांगा ना. कशी होती ते? काय करे हत्तीखान्यात?" रंजीताही पाण्याचा पेला घेऊन आली आणि उभी राहिली. ती काहीच न कळल्यासारखी कधी आपल्या आजीकडे, कधी त्या पदकाकडे बघत होती.

नानीने ताट खाली ठेवलं. पेल्यातल्या पाण्याने हात धुतले, ओढणीला पुसले.

"तुयी आजी ना," ती म्हणाली, "पह्यल्या दिवशी आत गेली तं तिले बी ओकारी आली. पण भाएर नाई आली ते. तितंच तोंडात पदर कोंबला. एक जवान होता, मद्राशी, त्याले आपली बोली समजे नाई आन आपल्याले त्याची. मांडीत किडे पडले होते. तं तुयी आजी चिमटा घेऊन बसे, एक एक किडा काढे, आन काढताना मोजे, मोठ्यानं. त्याले मोजणं समजलं. मंग तो बी मोजाले लागला संगं, त्याच्या बोलीत. रोज. दोघंही मोजत. मोजता मोजता त्याचं कण्हणं थांबे." ती बोलत होती आणि सायली तोंड उघडं टाकून ऐकत होती. तुळसाबाईही ऐकत होत्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं. करपलेली भाकरी खाताना नानीच्या तोंडावर हे सगळं असणार, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. "मेला तो. वीस दिवसानं. मेला तवा तुह्या आजीचं बोट त्याच्या मुठीत होतं, आन मूठ उघडे नाई. डाक्टर म्हणे बोटं मोडा त्याचे. तुह्या आजीनं मोडू नाई देले. बसून राह्यली तशीच, सकायपासून दुपारलोक, मूठ आपोआप ढिली होयेपर्यंत. मंग त्याले धुतलं तिनं. आई धुते तसं धुतलं. आन भाएर येऊन भाकर खाल्ली. कोनाले बोलली नाई." मग नानी तुळसाबाईंकडे वळली आणि पन्नास वर्षांत कधी दिला नव्हता तो मान देऊन विचारलं, "कोनतं बोट होतं वो सिस्टर? डाव्या हाताचं ना?"

सायलीने वर पाहिलं. रंजीतानेही पाहिलं. तुळसाबाईंनी आपला डावा हात शालीतून बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हो. डाव्या हाताचं."